सांध्यापासून नव्वद मीटर

नाते, ता. महाड
८ जानेवारी २०२४

श्री. कोंडाजी उतेकर यांस,
स. न. वि. वि.

सहीपर्यंत पोचण्याआधीच सांगतो की हे पत्र श्रीपत सालेकर याचे आहे. इराकमध्ये कंपनी जो रेल्वेमार्ग बांधत होती, त्याच्या पाच नंबरच्या तळावर मी स्टेशन इनचार्ज होतो आणि तुम्ही सांधेवाले होता. खडीची गाडी मुख्य रुळावरून पुढे जायची की बाजूच्या बंद रुळावर शिरायची, हे तुमच्या हातातल्या लिव्हरवर ठरत असे. ११ फेब्रुवारी १९८४ रोजी सकाळी गाडी बंद रुळावर शिरली, इंजिन टोकाचा अडसर तोडून उलटले आणि इंजिनावरच्या मदतनिसाचे डावे पाऊल गेले. चौकशी झाली आणि तुम्हाला घरी पाठवण्यात आले. त्यानंतर आपली गाठ नाही. तुमचा पत्ता पोलादपूरच्या पोस्टातून मिळवला.

फोन न करता लिहितो याला दोन कारणे आहेत. माझा उजवा कान गेला आहे आणि डावा निम्मा उरला आहे. शिवाय वस्तुस्थितीविषयीचे प्रश्न लेखी विचारावेत, असे माझे मत पूर्वीही होते आणि आजही आहे.

प्रश्न असा. आपल्या तळावर रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांची एक मोठी थप्पी होती. माझ्याकडे तळाचे जे एकमेव छायाचित्र आहे, ते जून १९८३ मधले असल्यामुळे त्यात ती नाही. माझ्या स्मरणाप्रमाणे थप्पी रुळाच्या पलीकडे, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या विरुद्ध बाजूला होती. हे बरोबर आहे काय? आणि तिची उंची अंदाजे किती होती?

हे विचारण्याचे कारण सांगणे उचित आहे. मी लहान आकाराच्या आगगाड्या जमवतो. पहिले इंजिन १९८६ मध्ये परतीच्या प्रवासात फ्रँकफर्टला घेतले. पुढे जॉर्डन आणि झांबियात नोकरी केली, तिथून येताना दरवेळी एखाददुसरे आणले. आज एकेचाळीस आहेत. पत्नी आनंदीबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा कॅनडात आहे, आणि घराची माडी मोकळी आहे. तिथे मी चार नंबरच्या तळापासून पाच नंबरच्या तळापर्यंतची आपली लाइन सत्त्याऐंशीपट लहान करून बांधली आहे. स्वयंपाकाला येणाऱ्या साळूबाई त्या खोलीला खेळघर म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करणे सोडून दिले आहे.

तुम्हाला हा विषय नको असल्यास उत्तर न देण्याचा तुमचा अधिकार मला मान्य आहे.

आपला,
श्रीपत सालेकर


उतेकरवाडी, ता. पोलादपूर
२४ जानेवारी

सायेबांस कोंडाजीचा रामराम.

पत्र मिलालं. पोस्टमन वरपर्यंत येत नाय, खाली टपरीवर ठेवून जातो. टपरीवाल्यानं हाक मारली, काका, तुमचं सरकारी काय तरी आलंय. बघितलं तर तुमचं अक्षर. चाळीस वर्सांत जरा बी वाकडं झालं नाय. माझ्या हातानं आता सही केली तर बँकवाले दुसरी मागतात.

चाळीस वर्सांनी सायेबाला थप्पीची याद आली, हे चंद्रीला सांगितलं. चंद्री म्हंजे आमची मंडली, चंद्राबाई. ती बोलली, माणसाची नाय आली याद? मी बोललो, गप गो, सायेब माणसाची याद लेखी ठेवत नाय.

आता थप्पी. ती पलीकडं नव्हती, सायेब. ती टाकीच्या बाजूलाच होती, तुमच्या हापिसाची खोली आनि माझा लिव्हर यांच्या मदी. दिवालीच्या सुमारास ट्रक आला आनि ड्रायव्हरनं सोय बघून तिथंच उतरवली. तुमी त्याला बोललात पन व्हतात, उचल म्हून. तो अरबीत काय तरी बोलला आनि गेला. उंची म्हनाल तर मी उभा राहून हात वर केला की बोटं वरच्या स्लीपरला लागायची. त्या मुलखात झाड नाय, सावली म्हंजे ती थप्पी. म्हून पक्कं ध्यानात हाय.

तुमी बरं हाय का, ते लिवलं नाय. आमी बरं हाय. आल्यावर परत रेल्वेत कुणी घेतला नाय, मंग भात, नाचणी, थोडी म्हसरं. पोरगी सारिका पोलादपूरला शालेत मास्तरीन हाय. गावात मला अजून इराकवाला म्हनतात. दुसरं बी म्हनतात. ज्याचा पाय गेला तो मोरू शेलार आमच्या शेजारच्याच वाडीतला. मीच त्याला तिकडं लावला होता, हे तुमाला म्हाईत हाय. त्याच्या घरानं चाळीस वर्सं आमच्याकडं पानी घेतलं नाय.

खेलघरात मी पन हाय का? का नुसता लिव्हरच हाय?

कोंडाजी


नाते
६ फेब्रुवारी २०२४

श्री. कोंडाजी यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मॉडेलमध्ये माणसे नाहीत. दुकानात मिळणाऱ्या मूर्ती टोपी घातलेल्या जर्मन गृहस्थांच्या असतात आणि त्या पाच नंबरच्या तळावर शोभत नाहीत.

तुमचे पत्र मिळाल्यावर मी थप्पी तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी ठेवली. ट्रक ड्रायव्हरशी झालेली बाचाबाची तुम्ही लिहिल्यावर मला आठवली, आणि त्याबरोबर माझ्या स्मरणातली पलीकडची थप्पी खोटी ठरली. स्टेशनच्या दारापासून सांध्यापर्यंत अंतर नव्वद मीटर होते. माझ्या टेबलावर ते एक मीटर आणि साडेतीन सेंटिमीटर भरते. दारात माझ्या डोळ्यांच्या उंचीला मी एक टाचणी रोवली, तिथून लिव्हरच्या मुठीपर्यंत काळा दोरा ताणला. दोरा थप्पीत शिरला. मी टाचणी दाराच्या डाव्या चौकटीला लावून पाहिली, उजव्या चौकटीला लावून पाहिली, पायरीवर लावून पाहिली. सर्व स्थितींत दोरा थप्पीलाच जाऊन टेकला.

आता चौकशीतली माझी जबानी आठवा. मी लिहून दिले होते की सकाळी सव्वासात वाजता स्टेशनच्या दारातून मी सांधा बंद रुळाकडे वळलेला पाहिला आणि सांधेवाला जागेवर नसल्याचे पाहिले. मी हाक मारेपर्यंत गाडी आली. चौकशी समितीने या वाक्यावर निकाल दिला. तुम्ही म्हणत होता की सांधा तुम्ही बरोबर लावला होता. तुमच्या शब्दाविरुद्ध माझे डोळे होते, आणि ते समितीला पुरेसे वाटले.

दोरा सांगतो की मी ते पाहिलेले असूच शकत नाही.

रेल्वेत येण्यापूर्वी मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालो होतो. ज्ञानाची साधने वेगळी आणि त्यांचा दर्जाही वेगळा, हे तिथे पहिल्याच वर्षी शिकवतात. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धूर पाहून आग आहे असे ठरवले ते अनुमान. मी उलटलेले इंजिन पाहिले, त्यावरून सांधा चुकला असे अनुमान केले, आणि ते प्रत्यक्ष म्हणून लिहून दिले. मी जाणूनबुजून खोटे बोललो नाही. मला खरोखर पाहिल्यासारखे वाटत होते, अजूनही डोळे मिटले की ते दृश्य दिसते. परंतु ज्याला हा भेद शिकवलेला आहे, त्याने तो चुकवणे अधिक गंभीर आहे. त्या अहवालानंतर चार महिन्यांत मला बढती मिळाली, हेही नोंदवतो.

सोबत दुरुस्त जबानी सही करून जोडली आहे. त्यात एवढेच म्हटले आहे की मी जे पाहिले असे लिहिले होते, ते मी पाहिले नव्हते आणि त्या जागेवरून ते दिसणे शक्य नव्हते. ज्या कंपनीकडे ती द्यायची, ती पंचवीस वर्षांपूर्वी बंद झाली. समितीतले तिघेही हयात नाहीत. त्यामुळे ती स्वीकारू शकेल असे तुमच्याखेरीज कोणी उरलेले नाही.

एक विनंती आहे. एका रुळाच्या लाइनवर दोन टोकांना दोन माणसे लागतात. मी चार नंबरवरून गाडी सोडतो आणि ती घ्यायला चालत पाच नंबरवर येतो, ही व्यवस्था कोणत्याही नियमपुस्तकात बसत नाही. तुम्हाला शक्य असेल त्या दिवशी यावे. महाडच्या स्टँडवरून नात्याला रिक्षा मिळते. उतरून माझे नाव विचारल्यास कोणी सांगू शकेल याची खात्री नाही. पाण्याच्या टाकीमागचे दुमजली घर असे विचारा.

आपला,
श्रीपत सालेकर


पोलादपूर
३ मार्च २०२४

श्री. सालेकर यांस,

मी कोंडाजी उतेकर यांची मुलगी सारिका. तुमचे ६ फेब्रुवारीचे पत्र आणि जबानी बाबांनी आईच्या हातात दिली. आईला वाचता येत नाही. तिने मला बोलावून घेतले आणि अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावले. प्रत्यक्ष आणि अनुमान कोणाला कळले नाही. 'मी ते पाहिले नव्हते' हे सगळ्यांना कळले. आईने ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतले.

तुम्हाला हे माहीत असणार नाही म्हणून लिहिते. मी जन्मले त्याच सुमारास बाबांची नोकरी गेली. आमच्या घरात 'सायेबाने खोटी साक्ष दिली' हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. आई भाकऱ्या थापताना ते म्हणायची. माझे लग्न दोन ठिकाणी मोडले, कारण मोरूकाकांच्या वाडीतल्या माणसांनी त्या घरी जाऊन सांगितले की हिच्या बापाने आमच्या पोराचा पाय खाल्ला.

त्या संध्याकाळी मोरूकाका आले. कुबडीवर, चढ चढून. त्यांना वाचलेले कोणीतरी सांगितले होते. ओटीवर बसले आणि आईला म्हणाले, "चंद्रे, च्या टाक." चाळीस वर्षांनी. आई आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. मोरूकाका म्हणाले, "काय गो, साखर इराकवरून आनतीस का?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

त्या दिवसापासून बाबा नीट जेवत नाहीत. आईला वाटते आनंदाने. मला तसे वाटत नाही. म्हणून दोन गोष्टी विचारते. एक, तुम्ही हे जाणूनबुजून केले होते की खरेच चुकून? मला पत्रातल्यासारखे उत्तर नको, सरळ हवे. दुसरी, आईची इच्छा आहे की शिमग्याला आमच्या गावची पालखी सहाणेच्या ओट्यावर बसेल तेव्हा तुम्ही यावे आणि ही जबानी देवासमोर, दोन्ही वाड्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने वाचावी. पालखीसमोर बोललेले आमच्याकडे कोणी पुन्हा उकरत नाही. नाही आलात तर आई काय ते समजेल.

सारिका उतेकर


पोलादपूर पोस्ट
११ मार्च

सायेब,

हे हितं पोस्टात बसून लिवतोय. घरी लिवलं तर चंद्री कुणाकडून तरी वाचून घेईल. तुमी परत पत्र टाकाल तर पोस्टमास्तरच्या नावावर टाका, मी येऊन नेईन.

सांधा मी फिरवला नव्हता.

आदल्या सांजला रेशनच्या ट्रकबरोबर घरचं पत्र आलं होतं. गुरुजींनी लिवलेलं, पोरगी झाली, दोघी बऱ्या हाईत. आदल्या रातीला एक वाघीण, म्हंजे मालाचा डबा, बंद रुलावर लावली होती, म्हून सांधा तसाच तिकडं होता. सकालची पयली गाडी येयाच्या आधी फिरवायचा, हे रोजचं. मी थप्पीच्या सावलीला बसलो आनि पत्र परत वाचलं. आनि परत. सात येला वाचलं आसेल. इंजिनाचा आवाज आला तवा उठलो. धावलो. मूठ हातात येयाच्या आधीच गाडी सांध्यावर आली.

तुमी बघितलं नव्हतंत आनि बोललात ते खरं होतं. मी बघितलं होतं आनि खोटं बोललो. घरी आल्यावर पयल्यांदा चंद्रीला सांगितलं, सायेबानं खोटी साक्ष दिली. ती बालंतीन होती, तिला काय सांगनार. मंग दर वर्सी सांगत गेलो. सांगता सांगता मलाच खरं वाटाया लागलं. रागानं झोप नाय येयाची तुमच्या नावानं, खरंच सांगतो. तुमचं पत्र अंगनात वाचलं तवा मला आठवलं की मी खोटं बोलत होतो.

आता मोरू दर बुधवारी येतो. च्या पितो. मला म्हनतो, कोंडाजीदादा, जाऊ दे, सायेब लोक तसंच. माझ्या घशाखाली घास उतरत नाय. आनि चंद्री तुमाला शिमग्याला बोलवनार. पालखीसमोर तुमी ते वाचलंत तर मी तिथं उभा राहू शकत नाय. आनि तुमी खरं सांगितलंत तर ह्या वयात चंद्रीला आनि पोरीला तोंड कसं दाखवू?

तुमी शिकलेलं हाय. काय करू ते सांगा.

कोंडाजी


नाते
१५ मार्च २०२४

श्री. कोंडाजी यांस,
स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून माझ्या मनात पहिली भावना आली ती समाधानाची होती. म्हणजे मी बरोबर होतो, असे मला वाटले. ती भावना मी खाली जाऊन पाणी पिऊन वर येईपर्यंत टिकली. तुम्ही स्वतःविषयी एवढे लिहिल्यावर माझ्याविषयीचे हे लपवणे योग्य नव्हते.

खोट्या आधारावर उभा केलेला निष्कर्ष योगायोगाने खरा निघाला, म्हणून त्याला ज्ञान म्हणता येत नाही. त्यामुळे माझी दुरुस्त जबानी जशीच्या तशी राहील. तिच्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मी पाहिले नव्हते, एवढेच ती सांगते. तुम्ही काय केले याविषयी ती काही सांगत नाही. तुमच्या अंगणात लोकांनी तिच्यातून जे काढले ते त्यांचे अनुमान आहे.

परंतु तुम्ही जबानीविषयी विचारले नाही, काय करू असे विचारले आहे. यावर माझे उत्तर असे की हे सांगण्याचे ठिकाण पालखी नव्हे आणि मीही नव्हे. पाऊल ज्याचे गेले तो एकच माणूस हे ऐकण्याचा अधिकारी आहे. शिमग्याच्या आधी मोरूला एकट्याला गाठा आणि सांगा. मग बायकोला आणि मुलीला काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. मी शिमग्याला येणार नाही. मी आलो तर मला अर्धे सत्य देवासमोर वाचावे लागेल किंवा पुरे सत्य तुमच्याऐवजी सांगावे लागेल. दोन्ही माझ्या अधिकारात बसत नाही.

तुमच्या मुलीने मला विचारले आहे की जाणूनबुजून की चुकून. तिला आजच एका ओळीचे उत्तर पाठवत आहे: मी पाहिले नव्हते, आणि पाहिले असे लिहिले. यापुढचे काही मी तिला लिहिणार नाही. या उत्तराने माझ्याविषयीचे तिचे मत सुधारणार नाही, हे मला समजते.

येण्याविषयीची माझी विनंती कायम आहे. मागील मंगळवारी वीर स्टेशनवर गेलो होतो. मालगाडीला बाजूला ठेवून एक्सप्रेस पुढे काढली, ते पाहिले. बाकावर शेजारी एक गृहस्थ होते, त्यांना मी सांधा कसा लागला ते समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, "आजोबा, गाडी लेट आहे का तेवढं सांगा." मी सांगितले.

आपला,
श्रीपत सालेकर


उतेकरवाडी
४ एप्रिल

सायेबांस रामराम.

आता हे घरीच बसून लिवतोय. लपवन्यासारखं काय राहिलं नाय.

होलीच्या आदल्या दिवशी मोरूच्या वाडीला गेलो. तो गोठ्याच्या मागं बसून टोपली विणीत होता. मी समोर उकिडवा बसलो नि एका दमात सगलं बोललो. पत्र, थप्पी, पोरगी झाली, सगलं. त्यानं हात थांबवला नाय. मी गप झालो तवा बोलला, "म्हाईत हाय."

मी बोललो, "काय म्हाईत हाय?"

"सगलं. मी इंजिनाच्या पायरीवर उभा होतो ना रे, सायेबाच्या हातात लाइनच्या परवानगीचं टोकन देयाला. तिथून तू दिसत होतास. थप्पीला टेकून बसलेला, हातात कागद. सांधा पन दिसत होता. मी वरडलो. तू कागदात होतास."

मी बोललो, "मंग चाळीस वर्सं बोलला का नायस?"

तो बोलला, "कुनाला बोलू? मी चार महिने बगदादच्या हास्पिटलात. परत आलो तर निकाल लागलेला. आनि निकाल तर बरोबर होता. मला तुझा राग पायाचा नव्हता, कोंडाजीदादा. घरची चिठ्ठी आली की मी पन आंधला व्हायचो. तू गावात येऊन सायेब खोटा, सायेब खोटा करत हिंडलास, त्याचा राग होता. मला वाटलं, आज येईल, उद्या येईल, माझ्या म्होरं बसून बोलंल. पानी तेवढ्यासाठी सोडलं."

मी बोललो, "मंग त्या दिवशी च्या कशाला प्यालास?"

"चौसष्ट वरीस झालं. म्हटलं, हा काय बोलत नाय. मरायच्या आधी तुझ्याकडचा च्या तरी पिऊन घेऊ. चंद्रीच्या हाताला चव हाय."

सायेब, मी तिथं रडलो. तो टोपली विणीत राहिला.

चंद्रीला त्याच राती सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं पोरीला बोलवून घेतलं आनि दोघींनी मला समोर बसवून परत पयल्यापासून सांगायला लावलं. सारिकानं माझ्या ताटात भात वाढला. चंद्री बोलली, सायेबाला कलव, चाळीस वर्सं त्याला शिव्या घातल्या त्या आता परत घेता येत नाय, पन पुढच्या घालनार नाय. पालखीसमोर कुनी काय वाचलं नाय. मोरूनं आनि मी एकत्र नारल ठेवला. लोकांनी काय समजायचं ते समजलं.

तुमच्याकडं येयाचं जमनार नाय, सायेब. गुडघे गेलेत, आनि दुपारचा मी मोरूकडं असतो. खरं सांगायचं तर तुमच्या खेलघरात तो सांधा बघायला माझ्यानं उभं राहवनार नाय. तो टेबलावरचा आसला तरी.

मोरूला तुमची पत्रं वाचून दाखवली. तो बोलला, सायेब माणूस चांगला दिसतो. पन एवढं सगलं लिवलं, दोरा लावला, टाचणी लावली, आनि सतरा जनांच्या जबान्या घेतल्या तवा पन, आनि आता पन, मला काय इचारलं नाय.

मी बोललो, सायेब इसरला आसेल. तो बोलला, आसेल.

तब्येत संभाला.

कोंडाजी


नाते
१२ एप्रिल २०२४

श्री. मोरू शेलार यांस,
स. न. वि. वि.

कोंडाजींनी तुमचे म्हणणे मला कळवले. ते खरे आहे.

१९८४ च्या फेब्रुवारीत चौकशी समितीसाठी मी सतरा माणसांच्या जबान्या नोंदवल्या. त्यात स्वयंपाकी होता, ट्रकचा ड्रायव्हर होता, आणि अपघात झाला तेव्हा चार नंबरच्या तळावर झोपलेले दोघेजण होते. ज्या माणसाने सांधा आणि सांधेवाला दोन्ही डोळ्यांनी पाहिले, त्याची जबानी नाही. तुमच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिले आहे: रुग्णालयात, जबानी आवश्यक नाही. ती प्रत माझ्याकडे आहे, म्हणून शब्द नेमके देता येतात. हास्पिटल तळापासून सहा तासांवर होते आणि जीप उपलब्ध होती. मी एकदाही गेलो नाही.

या जानेवारीच्या अखेरीस मला शंका आली तेव्हा मी कितीतरी दिवस दोरा आणि टाचण्या घेऊन एका मेजाला विचारत बसलो. तुम्ही हयात आहात, कोंडाजींच्या शेजारच्या वाडीत आहात, हे मला २४ जानेवारीच्या पत्रावरून कळले होते. तरीही तुम्हाला विचारण्याचे माझ्या मनात आले नाही. याचे कारण शोधण्याचा मी आठवडाभर प्रयत्न केला. तुम्ही माझ्या लेखी अपघाताचा परिणाम होता. साक्षीदार होऊ शकाल हे मी कधी गृहीतच धरले नव्हते. यापेक्षा चांगले कारण सापडले नाही.

म्हणून आता विचारतो. त्या सकाळी तुम्ही काय पाहिले, आणि त्यानंतर काय झाले? सांध्याविषयी मला काही सिद्ध करायचे उरलेले नाही. पायरीवर उभे होता तिथपासून सांगा, हास्पिटलातले चार महिने सांगा, घरी कसे पोचलात ते सांगा. मधे प्रश्न विचारणार नाही. तुम्ही सांगाल तसे, तुमच्याच शब्दांत, मी लिहून घेईन आणि वाचून दाखवेन. चुकले असेल तिथे तुम्ही थांबवा.

तुम्हाला चढउतार कठीण आहे, त्यामुळे मी तुमच्या वाडीला येईन. मला डाव्या बाजूने ऐकू येते, तेव्हा त्या बाजूला बसावे लागेल. नको असल्यास तसे कोंडाजींकरवी दोन शब्दांत कळवा; मी कारण विचारणार नाही.

कोणता दिवस सोयीचा ते तुम्हीच ठरवा. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी तीननंतर मी मोकळा असतो. इतर वेळीही असतो.

आपला,
श्रीपत सालेकर